'पुढची कथा कॉमिकमध्ये वाचा' असं सांगणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
कॉमिक्सवरून मालिका काढणारे निर्माते, त्या दाखवणारे आणि एके दिवशी दाखवायचं बंद करणारे प्लॅटफॉर्म, आणि मूळ कॉमिक्स छापणारे प्रकाशक यांस,

सविनय नमस्कार.

दर मंगळवारी रात्री मी आणि दादा फोनवर "तीन, दोन, एक, चालू" म्हणतो आणि एकाच वेळी बटण दाबतो. तो एका शहरात, मी दुसऱ्या. गेली सहा वर्षं हे चाललंय. त्याचं चित्र माझ्यापेक्षा अर्धा सेकंद पुढे असतं. त्यामुळे विनोद व्हायच्या आधी मला त्याचं हसू ऐकू येतं, आणि पडद्यावर कोणी जाणार असेल तर आधी त्याचा "अरे" ऐकू येतो. सुरुवातीला मी वैतागायचे. आता एकटीने बघायला बसले तर मालिका मुकी वाटते.

त्या मंगळवारी "एक" म्हटलं, बटण दाबलं, आणि दोघांच्याही पडद्यावर एकच ओळ आली: ही मालिका सध्या उपलब्ध नाही. आमचे शेवटचे तीन भाग राहिले होते. दादा म्हणाला, "तुझं नेट गेलंय का?" मी म्हटलं, "दोघांचं एकदम कसं जाईल रे?" मग वीस मिनिटं दोन्हीकडे ॲप बंद करणं, चालू करणं, पासवर्ड पुन्हा टाकणं, सगळं करून झालं. शेवटी दोन परिच्छेदांचं एक निवेदन सापडलं. मालिका काढून टाकली आहे, पुढचा सीझन होणार नाही, पण चाहत्यांनी निराश होऊ नये, कारण उरलेली कथा सहा अंकांच्या कॉमिकमधून पूर्ण केली जाईल.

मालिकेचं नाव मी घेत नाही, प्लॅटफॉर्मचंही नाही. नाव घेतलं की तो एकाच मालिकेचा प्रश्न होतो आणि बाकीचे सगळे "आम्ही नाही त्यातले" म्हणून मोकळे होतात.

आता माझी ओळख, कारण तुमच्या हिशेबात मी कुठल्या रकान्यात बसते ते मला अजून कळलेलं नाही. कॉमिक्स मी वाचते, पण जमेल तशी. कपाटात एकत्रित खंड अकरा आहेत, त्यातले चार अजून उघडलेले नाहीत. कुठलं पात्र कुठल्या अंकात पहिल्यांदा आलं ते मला पाठ नसतं. टीव्हीचं मात्र वेगळं आहे. मालिका मी मन लावून बघते, पुन्हा बघते, अमुक प्रसंग कुठल्या सीझनच्या कितव्या भागात होता ते झोपेतून उठवून विचारा, सांगते. टीव्हीच्या घरात मी राहते आणि कॉमिक्सच्या घरी पाहुणी म्हणून जाते. पाहुणीला पाहुणीसारखं वागवलंत तर माझं काही म्हणणं नाही. पण हल्ली तुम्ही मला माझ्याच घरातून उठवता आणि म्हणता, जा, आता तिकडेच राहा.

ते सहा अंक मी वाचले. दादाने नाही वाचले. चौकटींमधून कुठल्या क्रमाने जायचं ह्यातच त्याची दमछाक होते, आणि ह्या वयात नवीन शिकायची त्याची तयारी नाही.

आमच्या नायिकेची एक लकब होती. खोटं बोलायच्या आधी ती किंचित थांबायची. अर्धा सेकंद, फार तर. कुठल्याही पात्राने कधी ते बोलून दाखवलं नाही. ती त्या अभिनेत्रीची स्वतःची भर असावी. दुसऱ्या सीझनपर्यंत आमच्या ते लक्षात आलं, आणि मग ती थांबली की फोनवर दादा हळूच म्हणायचा, "मारली थाप." कॉमिकच्या दुसऱ्या अंकात ती आपल्या बहिणीशी खोटं बोलते. एक फुगा, फुग्यात वाक्य, पुढची चौकट. ते थांबणं कुठेच नाही. चित्रकाराने चेहरा मनापासून काढला होता, पण चौथ्या अंकापासून चित्रकार बदलला आणि त्याबरोबर चेहराही. शेवटच्या अंकात ती ज्या माणसाला माफ करते, त्याला मी केवळ कोटावरून ओळखलं.

तरी न्यायाने सांगायचं तर पाचव्या अंकात एक पान आहे. नऊ चौकटी, एकही शब्द नाही. तीच खोली, तीच रिकामी खुर्ची, आणि खिडकीतून आलेला उजेड चौकटीगणिक थोडा थोडा सरकतो. नवव्या चौकटीत अंधार. त्या पानावर मी किती वेळ थांबले होते कोण जाणे. टीव्हीवर हे आलं असतं तर संकलकाने ठरवलं तेवढा वेळ टिकलं असतं. इथे पान उलटायचं की नाही ते माझ्या हातात होतं. कॉमिकला जे जमतं ते टीव्हीला जमत नाही, हे मी त्या पानावर पुन्हा एकदा शिकले. मग टीव्हीला जे जमतं ते कॉमिकच्या गळ्यात का घालता? त्या बिचाऱ्या लेखकावर तरी किती अन्याय! दोन सीझनचा ऐवज सहा अंकांत कोंबायचा आणि वर "चाहत्यांसाठी भेट" म्हणायचं.

असं पूर्वी झालेलं नाही असं नाही. 'बफी द व्हँपायर स्लेअर' 2003 मध्ये संपली आणि 2007 मध्ये तिचा 'आठवा सीझन' कॉमिक म्हणून सुरू झाला. 'स्मॉलव्हिल' 2001 ते 2011 अशी दहा सीझन चालली, आणि पुढच्या वर्षी तिचा अकरावा सीझन कॉमिकच्या रूपात आला. पण ह्या दोन्ही मालिकांना पडद्यावर आपापला शेवट मिळाला होता. ज्याला थांबायचं तो तिथे समाधानाने थांबला, ज्याला आणखी हवं होतं त्याने अंक घेतले. भरल्या ताटावरून उठवून वर पाककृतीचं पुस्तक हातात दिलं, असं तेव्हा झालं नव्हतं.

माझी दुसरी तक्रार मालिका अर्ध्यावर तोडण्याची, आणि ती नवी नाही. 'एजंट कार्टर' 2016 मध्ये दोन सीझननंतर बंद झाली. शेवटच्या दृश्यात एका माणसावर गोळी झाडली जाते आणि एक फाइल पळवली जाते. कोणी, कशासाठी? ती मालिका ह्याचं उत्तर कधीच देऊ शकली नाही. 2019 मध्ये 'स्वॉम्प थिंग'चा पहिला भाग आला आणि आठवडा उलटायच्या आत मालिका रद्द झाल्याची बातमी आली. उरलेले नऊ भाग लोकांनी काय डोळ्यांनी बघितले असतील? 'लेजंड्स ऑफ टुमारो'चा सातवा सीझन मार्च 2022 मध्ये संपला तेव्हा सगळी नायकमंडळी काळाशी केलेल्या छेडछाडीबद्दल अटकेत होती. एप्रिलमध्ये मालिका रद्द झाली. 'वाय: द लास्ट मॅन'चा पहिला सीझन अजून चालू असतानाच, ऑक्टोबर 2021 मध्ये, दुसरा होणार नाही हे ठरलं.

मालिकांना पैसा लागतो, आकडे बघावे लागतात, हे मला समजतं. कोणी कायमची चालवा म्हणत नाही. उलट लांबत गेलेली मालिका बघणं हीही एक शिक्षाच असते, आणि ती मी भोगलेली आहे. पण रद्द करायचा निर्णय तुम्ही घेणार, तारीख तुमच्या हातात, खर्चाची पत्रकं तुमच्याच टेबलावर. मग शेवट लिहायला लेखकाला एक भाग देणं एवढं अवघड का? 'द वॉकिंग डेड' हे कॉमिक जुलै 2019 मध्ये 193 व्या अंकाला संपलं, तेही आधी न सांगता. पुढच्या अंकांच्या खोट्या जाहिरातीसुद्धा देऊन ठेवल्या होत्या. वाचक चकित झाले, काही चिडलेही. पण हातात आलेला तो जाड अंक शेवटाचा होता, आणि लेखकाने स्वतः ठरवून लिहिलेला होता. असं चकित व्हायला मी एका पायावर तयार आहे.

तिसरी तक्रार सगळ्यात गंभीर. तुम्ही मालिका नुसत्या थांबवत नाही, नाहीशा करता.

1960 आणि 70 च्या दशकांत बीबीसीच्या 'डॉक्टर हू' ह्या मालिकेच्या जुन्या भागांच्या टेपा पुसल्या गेल्या. टेप महाग होती, ती पुन्हा वापरायची होती, आणि एकदा दाखवलेला कार्यक्रम कोणी परत बघेल असं फारसं कोणाला वाटत नव्हतं. कितीतरी भागांचं चित्र असं गेलं. पण गमत बघा, त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आजही शाबूत आहे. कारण प्रक्षेपण चालू असताना घराघरांत काही प्रेक्षक टेपरेकॉर्डर लावून बसले होते. ह्यातले काही तर शाळकरी पोरं. खोलीत कोणी खोकलं तर तेही टेपवर यायचं, म्हणून घरच्यांना गप्प बसवून त्यांनी ते भाग ध्वनिमुद्रित केले. संस्थेने पुसलं आणि प्रेक्षकाने राखलं.

आज मी टेपरेकॉर्डर लावून बसू शकत नाही. तुम्ही डिस्क काढत नाही, डाउनलोड केलेला भाग तुमच्या ॲपमध्येच कोंडलेला राहतो आणि मालिका गेली की तोही जातो. आणि टेप महाग असल्याची सबबसुद्धा आता उरलेली नाही. 'वाय: द लास्ट मॅन' 2023 मध्ये प्लॅटफॉर्मवरून काढली गेली. तिचं मूळ कॉमिक 2002 ते 2008 ह्या काळात 60 अंकांत पूर्ण झालं होतं, आणि ते ज्याच्या कपाटात आहे त्याच्या कपाटात आहे. कोणी रात्रीतून येऊन घेऊन जात नाही. कॉमिकवाल्यांचा मला हेवा वाटतो तो इथे. पात्रं त्यांना जास्त माहीत असतात म्हणून मुळीच नाही. त्यांचं त्यांच्याकडे राहतं म्हणून.

मालिका हलवायलाही माझा विरोध नाही. 'डेअरडेव्हिल' आणि तिच्यासोबतच्या पाच मालिका फेब्रुवारी 2022 च्या अखेरीला एका ठिकाणाहून गेल्या आणि मार्चच्या मध्यावर दुसरीकडे दिसू लागल्या. करार संपतात, हक्क परत जातात, ठीक आहे. निदान पत्ता तरी मिळाला. (2018 मध्ये रद्द झालेला तो नायक 2025 मध्ये नव्या नावाच्या मालिकेतून परतला, त्याच अभिनेत्यासह. ह्यावरून रद्द झालेली गोष्ट मेलेली असतेच असं नाही, एवढं मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "सात वर्षं थांबू का आता?")

तुम्ही मात्र आमच्या मालिकेचा पत्ताही ठेवला नाहीत आणि पूर्वसूचनाही दिली नाहीत. वीज घालवायची तरी आधी कळवतात.

ह्यापुढचं म्हणणं निर्मात्यांशी आहे. गृहपाठ बंद करा. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' हे 1985-86 मधलं बारा अंकांचं कॉमिक. डिसेंबर 2019 ते जानेवारी 2020 मध्ये ते टीव्हीवर पाच भागांत आलं, आणि ते पाच भाग पाच वेगवेगळ्या मालिकांचे होते: सुपरगर्ल, बॅटवुमन, द फ्लॅश, ॲरो आणि लेजंड्स ऑफ टुमारो. तिसऱ्या आणि चौथ्या भागात पाच आठवड्यांची सुट्टी. आम्ही ह्यातल्या दोनच बघत होतो. वहीच्या मागच्या पानावर मी तक्ता काढला: कोण कोणाची चुलत बहीण, कोण कुठल्या पृथ्वीवरचा, कोणाचा मृत्यू खरा आणि कोणाचा परत यायच्या बोलीवर. मजा आली, खोटं कशाला बोलू. जुन्या मालिकांमधले चेहरे क्षणभर दिसून गेले तेव्हा दादा लहान मुलासारखा ओरडला. पण पाच वर्षांत एकदा जत्रा असावी. बारा महिने तेरा त्रिकाळ जत्राच असेल तर घरी कधी जायचं? आता एखाद्या चित्रपटातलं पात्र एवढं का रडतंय ते कळायला आधी अख्खी मालिका बघितलेली असावी लागते, आणि मालिकेतला एक विनोद कळायला तीन चित्रपट. रात्र थोडी नि सोंगं फार, अशी गत झालीय.

प्रकाशकांनो, तुम्हीही सुटत नाही. मालिका आवडली की माझ्यासारखी बाई तुमच्या दाराशी येते. पैसे द्यायला येते, फुकट मागायला नाही. आणि दारावर तिला काय दिसतं? 'अंक 1'. त्याच्या शेजारी आणखी एक 'अंक 1', तिसऱ्या वर्षाचा. 'खंड 1' नावाचे तीन खंड, तिघांवर तोच नायक, तीच उडी, फक्त चेहऱ्यावरचे भाव वेगळे. सप्टेंबर 2011 मध्ये एका मोठ्या प्रकाशनाने आपल्या 52 मालिका एकदम पहिल्या अंकापासून सुरू केल्या, नव्या वाचकाला सोपं जावं म्हणून. पाच वर्षांनी पुन्हा नवा श्रीगणेशा. सोपं करण्याचे एवढे प्रयत्न झालेत की आता अवघड काय होतं तेच कोणाला आठवत नसेल. मी एकदा एका पात्राचं 'मूळ कथा' असं लिहिलेलं पुस्तक घेतलं. पहिल्याच पानावर तळटीप: ह्याआधी काय घडलं ते अमुक अंकात पाहावे. मूळ कथेच्या आधी काय घडणार?

मुखपृष्ठाच्या मागे तीन ओळी छापा. हे कुठून सुरू होतं, ह्यात काय आहे, ह्यापुढे काय वाचायचं. बास.

आता मला जे तुम्हा सगळ्यांना बरेच दिवस ऐकवायचं होतं ते. टीव्हीला तुम्ही कॉमिकची धाकटी पाती समजता. मूळ गोष्ट तिकडची, आम्ही तिची चालती-बोलती नक्कल बघणारे. म्हणूनच टीव्हीवरची कथा तोडताना तुमचा हात थरथरत नाही. मूळ तर शाबूत आहे ना, मग नकलेचं काय एवढं!

पण देवाणघेवाण एकतर्फी कधीच नव्हती. हार्ली क्विन कॉमिकमध्ये जन्मली नाही. 1992 मध्ये बॅटमनच्या ॲनिमेशन मालिकेत पॉल डीनी आणि ब्रूस टिम यांनी तिला आणलं, तेही एका भागापुरतं म्हणून. अर्लीन सॉर्किन हिच्या आवाजाने ती टिकली, आणि कॉमिकमध्ये गेली ती पुढच्या वर्षी. आज तिचे स्वतःचे अंक निघतात. बॅटमनचा शत्रू मिस्टर फ्रीझ 1959 मध्ये कॉमिकमध्ये आला तेव्हा त्याचं नाव मिस्टर झीरो होतं. 'फ्रीझ' हे नाव त्याला साठच्या दशकातल्या टीव्ही मालिकेने दिलं. आणि ज्या आजारी पत्नीसाठी तो एवढा थंड झाला, ती नोराही त्याला 1992 च्या त्याच ॲनिमेशन मालिकेने दिली. त्याआधी तो बर्फाची बंदूक घेतलेला एक फुटकळ चोर होता. 'ॲरो'मधला जॉन डिगल 2012 मध्ये टीव्हीवर आला, मग कॉमिकमध्ये. 'द वॉकिंग डेड'मधला डॅरिल तर त्या 193 अंकांत कुठेच नाही, आणि त्याच्याच नावाची वेगळी मालिका निघाली. सुपरमॅनला लोळवणारा क्रिप्टोनाइटसुद्धा आधी 1943 मध्ये रेडिओवर अवतरला, कॉमिकमध्ये पोहोचायला त्याला आणखी सहा वर्षं लागली.

तेव्हा धाकटी पाती वगैरे राहू द्या. ह्या घरातलं कितीतरी सामान आमच्या बाजूने आलेलं आहे.

कट्टर वाचकांशीही दोन शब्द, कारण हे पत्र तेही वाचतील. "कॉमिक वाचलंय का?" हा प्रश्न तुम्ही परीक्षकाच्या आवाजात विचारू नका एवढंच. तुमच्यातली चांगली माणसं मी पाहिलेली आहेत. 'द वॉकिंग डेड'च्या शंभराव्या अंकात 2012 मध्ये जे घडलं ते पडद्यावर यायला 2016 उजाडलं. माझी एक मैत्रीण अंक वाचून बसली होती. चार वर्षं तिने चकार शब्द काढला नाही. तो भाग लागला त्या रात्री तिने फक्त "बघितलंस?" एवढा निरोप पाठवला. अशा माणसाच्या शेजारी बसून मी काहीही वाचायला तयार आहे.

लांबलेल्या सुट्ट्यांबद्दल थोडक्यात. पूर्वी एका सीझनला बावीस-तेवीस भाग असायचे आणि दरवर्षी यायचे. त्यातले सहा-सात भाग भरताड असायचे हे कबूल. पण त्या भरताडातच पात्रं बसून गप्पा मारायची आणि आपली व्हायची. 'इन्व्हिन्सिबल'चा आठ भागांचा पहिला सीझन 2021 च्या वसंतात संपला, दुसरा 2023 च्या नोव्हेंबरात आला, आणि तोही चार भागांनंतर मध्येच थांबून उरलेले चार पुढच्या वर्षी. अडीच वर्षांनी कोण कोणाशी का भांडत होतं ते विसरायला होतं. मग पहिला सीझन पुन्हा बघा. तेवढ्यासाठी तरी तो जागेवर असू द्या.

आणखी एक, वरवर क्षुल्लक दिसणारी गोष्ट. भाग संपला की श्रेयनामावली तुम्ही आक्रसून कोपऱ्यात ढकलता आणि पाच सेकंदांत पुढचा भाग सुरू करता. मी कॉमिक्स वाचायला लागले ती ह्या श्रेयनामावलीमुळे. 'अमुक यांनी निर्माण केलेल्या पात्रांवर आधारित' ही ओळ वाचून मी नावं शोधली, नावांवरून पुस्तकं. बॅटमन 1939 चा. त्याची कथा घडवण्यात बिल फिंगर यांचा मोठा वाटा होता, पण अधिकृत श्रेय अनेक दशकं एकट्या बॉब केन यांना जात राहिलं. फिंगर 1974 मध्ये गेले. त्यांचं नाव श्रेयात यायला 2015 उजाडलं, आणि ते टीव्हीवरही झळकलं, 'गॉथम' ह्या मालिकेच्या दुसऱ्या सीझनमध्ये. ज्या नावाला पडद्यावर यायला एवढी वर्षं लागली ते नाव वाचायला तुम्ही आम्हाला पाच सेकंदही देत नाही. रिमोट शोधेपर्यंत पुढचा भाग सुरू झालेला असतो.

मागण्या फार नाहीत. मालिका रद्द करायची झाली तर शेवटचा एक भाग करण्यापुरता वेळ आणि पैसा पहिल्या करारातच बाजूला ठेवा. तो लागला नाही तर उत्तमच. मालिका काढून टाकायची असेल तर निदान तीन महिने आधी, ती बघणाऱ्या प्रत्येकाला, तिच्याच पानावर कळवा, आणि ती कुठे जाणार आहे तेही सांगा. कुठेच जाणार नसेल तर तिच्या डिस्क काढा, किंवा विकत घेऊन आपल्याकडे ठेवता येईल अशी फाइल द्या. फुकट मागत नाही. किमान एक प्रत अशा अभिलेखागारात द्या जिथे ती पुसली जाणार नाही. दुसरी मालिका बघितल्याशिवाय जो भाग कळणार नाही, त्याच्या सुरुवातीला तसं सांगा. श्रेयनामावली पूर्ण पडद्यावर चालू द्या आणि पुढचा भाग कधी लावायचा ते आम्हाला ठरवू द्या. आणि कॉमिक काढायचं असेल तर जरूर काढा, मी घेईन, पण ते कॉमिक म्हणून काढा. अर्धवट मालिकेवरचं पांघरूण म्हणून नको.

आमच्या मालिकेबद्दल वेगळी मागणी आहे. ते तीन भाग तयार आहेत. चित्रित झालेत, संकलित झालेत, त्यांना संगीत दिलेलं आहे, आणि काढून टाकण्याआधी सहा दिवस ते पडद्यावरही होते. आम्ही आठवड्याला एकच भाग बघायचं ठरवलं होतं म्हणून राहिले. नवीन काही बनवायला नको, जे आहे ते एक आठवडाभर पुन्हा लावा.

मंगळवारी दादाचा फोन अजून येतो. आम्ही दुसरं काहीतरी बघतो. मध्येच तो विचारतो, "ती बहिणीला खरं सांगते का गं शेवटी?" मला माहीत आहे, सहाव्या अंकाच्या अठराव्या पानावर आहे. मी त्याला म्हणते, "थांब, बघू आपण." तेव्हा तो काही बोलत नाही. तुमच्या उत्तराची वाट बघते.

आपली,
टीव्ही बघणारी आणि अधूनमधून कॉमिक्स वाचणारी एक प्रेक्षक